वागींच्या खिशात राहिलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात बघून कुणी कधी भांग पाडलेला नाही. माझी काच बिस्किटाएवढी. तिला एक दांडी आहे. ओढली की हातभर लांब होते, दाबली की खिशात मावते. मानेपाशी सांधा असल्यामुळे मी हवा तिकडे वळतो. विमानाच्या पोटात जिथे माणसाचं डोकं शिरत नाही, तिथली मागची बाजू दाखवायची, एवढंच माझं काम.

ब्रिस्बेनच्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. वागी गावेरा तिथे विमानदुरुस्ती शिकायला आले होते. परीक्षा पास होऊन ते मायदेशी, पापुआ न्यू गिनीला निघाले तेव्हा त्यांच्या गुरुजींनी मला त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून मी गोरोका शहराच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, वागींच्या डाव्या खिशात राहिलो.

ते दिवस माझ्या मानाचे होते. आमच्याकडे डोंगरातल्या कित्येक गावांना रस्ता नाही. मीठ, शाळेची पुस्तकं, आजारी माणसं, सगळं लहान विमानानं जायचं. त्या विमानांचा प्रत्येक महत्त्वाचा जोड एकानं बसवायचा, दुसऱ्यानं तपासायचा आणि मग दोघांनी सही करायची, असा नियम होता. बसवायची इकिमे, तपासायचे वागी. इकिमे गोरोकाचीच. हात चपळ, जीभ त्याहून चपळ.

एकदा तिनं एक बोल्ट उलट्या दिशेनं घातला होता. तो वागींना माझ्यामुळे दिसला. इकिमेचं तोंड फुगलं.

"काका, माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?"

"तुझ्यावर आहे गं. बोल्टवर नाही."

"मग बोल्टलाच रागवा. मला कशाला?"

"त्याला कान नाहीत. तुला आहेत, पण वापरत नाहीस."

इकिमे हसली. जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या डब्यातलं भाजलेलं रताळं त्यांच्यापुढे सरकवलं, आणि मला फडक्यानं पुसूनही दिलं.

पुढे वर्षं गेली. इकिमेच्या कामात चूक सापडेनाशी झाली. सुरुवातीला वागी मला पूर्ण उघडून पाहत. मग अर्धवट उघडून. मग नुसते खिशावरून हात फिरवत आणि म्हणत, "इकिमेनं केलंय ना? मग बघायला नको." तिला ते ऐकून बरं वाटे. खरं सांगतो, मलाही बरं वाटे. म्हाताऱ्या काचेला तेवढाच आराम.

त्या दिवशी विमानाच्या शेपटीतलं काम होतं. विमानाचं नाक वर-खाली करणारा एक दांडा तिथे असतो. इकिमेनं तो बसवला, बोल्टवर नट हातानं फिरवला. आता नट पक्का आवळायचा आणि तो सुटू नये म्हणून त्यातून एक बारीक पिन आरपार घालायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात ऑफिसातून हाक आली. हेगाती गावाहून निरोप होता. दोर्कस नावाच्या बाईचं बाळंतपण अडलं होतं, विमान लगेच हवं होतं. इकिमेनं पिन खिशात टाकली आणि निरोप ऐकायला धावली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यात दोर्कस होती. नट जागेवर दिसला. तिनं झाकण लावलं, स्क्रू पिळले.

पायलट एनोस घड्याळाकडे बघत उभा होता. "काका, दोननंतर खिंडीत ढग भरतात. मग मला जाता येणार नाही."

वागींनी मला खिशातून काढलं. अर्धं उघडलंही.

"काका, झालंय सगळं," इकिमे म्हणाली. "बघायचं असेल तर बघा, पण झाकण पुन्हा काढावं लागेल."

वागींनी झाकणाच्या स्क्रूंकडे पाहिलं. मग त्यांनी माझी दांडी दाबली, मला खिशात घातलं आणि सही केली.

मला हाक मारता आली असती तर किती बरं झालं असतं.

हेगातीची धावपट्टी डोंगराच्या उतारावर आहे. तिथे उतरताना नट गळून पडला आणि दांडा सुटला. नाक वर येईना. विमान धावपट्टीच्या अलीकडे उंच गवतात आपटलं. एनोस वाचला, पण त्याची पाठ मोडली, आणि त्यानं पुन्हा कधी विमान चालवलं नाही. दोर्कसला गावकऱ्यांनी डोलीत घालून, दोन दिवस चालत डोंगराखाली दवाखान्यात नेलं. ती जगली. तिचं बाळ जगलं नाही.

चौकशीला आलेल्या माणसांसमोर इकिमेनं खिशातली पिन स्वतःच टेबलावर ठेवली. तेव्हा वागी म्हणाले, "ही विसरली. माणूस विसरतो, म्हणून तर मला दुसऱ्या सहीला ठेवलं होतं. मी मात्र विसरलो नव्हतो साहेब. मी न बघायचं ठरवलं."

त्यानंतर त्यांनी काम सोडलं. जाताना मला इकिमेच्या हातात दिलं. तिनं मला खणात टाकलं आणि कित्येक महिने तो खण उघडला नाही. ओलसर हवेनं माझ्या कडेला काळे डाग पडले.

एके दिवशी खण उघडला. आता इकिमेच दुसरी सही करते. काम करताना कुणी हाक मारली तर तिथे लाल फडकं बांधल्याशिवाय कुणाला हलू देत नाही, आणि परत आल्यावर ते काम पहिल्यापासून करायला लावते. मला पूर्ण उघडते. डागांमधून जेवढं दिसतं तेवढं मी दाखवतो.

गेल्या वर्षी ती मला खिशात घेऊन विमानानं हेगातीला गेली होती. धावपट्टीच्या कडेला दोर्कस उभी होती, पाठीवर विणलेली पिशवी, शेजारी तिची म्हातारी आई. त्यांना गोरोकाच्या दवाखान्यात जायचं होतं. चौकशीच्या वेळी पाहिलेल्या इकिमेला तिनं ओळखलं.

"हे विमान कुणी तपासलं?"

"काम दुसऱ्यानं केलं. मी स्वतः आरसा लावून पाहिलंय, ताई."

"तेव्हाही दोन सह्या होत्या ना?"

इकिमेनं मान खाली घातली. "होत्या."

दोर्कसनं आईचा हात धरला आणि दोघी डोंगर उतरायच्या पायवाटेला लागल्या. म्हातारी मधेमधे थांबत होती. त्या झाडीआड होईपर्यंत इकिमे उभी होती.

मित्रांनो, आपल्या माणसाचं काम तपासताना संकोच वाटतो. त्याला वाईट वाटेल असं वाटतं. वाटू द्या थोडं. रताळं खाऊन ते जातं. सही करायच्या आधी मात्र खाली वाका आणि मागची बाजू बघा.