मुशी शिवून गेली तेव्हापासून

मी संपतची कयाक बोलतेय. भाटघर धरणाच्या काठी, गोठ्याच्या भिंतीला लागून परवापर्यंत उपडी पडलेली केशरी होडी, ती मीच. माझ्या पोटावर कोंबड्या बसायच्या. बोलायला दुसरं कुणी नाही.

प्लास्टिकची भुकटी साच्यात भाजून मला घडवलं. लाकडी होडीसारखं झाडाचं माहेर मला नाही. संपतनं कोकणात पर्यटकांना फिरवायला मला घेतलं, तेव्हापासून समुद्रालाच मी माहेर मानलं.

एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही दोघंच खाडीबाहेर गेलो. पाणी निवांत होतं. इतक्यात एक काळा त्रिकोण वर आला, मग दुसरा. मुशी होत्या त्या; शहरातली माणसं त्यांना शार्क म्हणतात. एक माझ्या खालून गेली. तिची कातडी कानशीसारखी मला घासली. संपतनं वल्हं मांडीवर आडवं धरलं.

"जानाई आई, यातून ने. पुन्ना पाण्यावर जानार न्हाई," तो पुटपुटला.

मुशी एक फेरा मारून निघून गेल्या. आमच्याशी त्यांचं भांडण नव्हतंच बहुतेक.

पावसाळ्याआधी टेम्पोतून गावी आलो. त्यानं मला उपडं घातलं, ते परत हात लावला नाही. माझ्या वल्ह्यानं त्याची बायको रत्ना वाळवणावरची पाखरं हाकू लागली.

पण फोनवर सारं ऐकून त्याच्या आईनं, बयाबाईंनीही जानाईलाच नवस बोलला होता: लेक सुखरूप येऊ दे, चैत्रात तुझी ओटी भरीन. जानाईचं ठाणं धरणातल्या टेकाडावर. चैत्रात पाणी उतरलं की पायवाट उघडी पडते. यंदा ते उतरलंच नाही.

बयाबाई खण-नारळ घेऊन उंबऱ्याशी बसून राहिल्या.

"आये, म्या बी तिलाच शब्द दिलाय," संपत म्हणाला.

"व्हय. तुझा भ्यालेल्याचा, माझा आईचा. तिनं कुनाचा ऐकायचा?"

रत्नानं पदर खोचला. "आत्या, चला. पाखरं हाकून हात तयार झालाय माझा."

संपतनं मला सुलटं करून काठाशी नेलं, आईच्या लुगड्यावर लाइफ जॅकेट बांधलं, रत्नाला वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. स्वतः मात्र पाण्यापासून हातभर अलीकडेच थांबला. मी वळून वळून त्याच्याकडे पाहत गेले.

टेकाडावर बयाबाईंनी ओटी भरली. मग पदर पसरून म्हणाल्या, "आई, माझं फिटलं. आता त्याचा शब्द त्याला माघारी दे."

परतल्यावर संपतनं मला बाहेर ओढलं, कलतं केलं आणि मुशीच्या ओरखड्यांवरून बोटं फिरवली. गोठ्यापाशी नेलं, पण उपडं घातलं नाही.

आता मला आभाळ दिसतं. एकटी आहे अजून. जानाई आई, तुला माझंही एवढंच मागणं आहे, त्याची भीती उतरू दे.

आज सकाळी रत्ना पाखरं हाकायला वल्हं शोधत होती. ते संपतनं रात्रीच माझ्या कुशीत ठेवलं होतं. तिनं पाहिलं, आणि तिथंच राहू दिलं.