मासिनाच्या दुकानातले बिनसाखरेचे डबे

सामोआच्या राजधानीत, आपियात, कोला न ठेवणारं दुकान शोधूनही सापडलं नसतं. बिनसाखरेचा कोलाही दोन-तीन ठिकाणी मिळायचा. पण ज्यात साखर नाही आणि कॅफीनही नाही, असा कोला अख्ख्या बेटावर कुठे नव्हता, आणि नेड्राला नेमका तोच हवा होता.

तिचा नवरा रोलंड याला मधुमेह होता आणि हृदयाचा ठोका मधूनच चुकायचा. अमेरिकेतल्या आयडाहोहून निघताना डॉक्टरांनी साखर आणि कॅफीन दोन्ही बंद म्हणून बजावलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी दारू सोडल्यापासून रोज संध्याकाळी एक थंडगार डबा, एवढाच त्याचा शौक उरला होता, आणि तिकडे दोन्ही नसलेले डबे कोपऱ्यावर मिळत. मग नेड्राला सामोआत गणित शिकवायची नोकरी लागली. दुधाच्या यंत्रांच्या कामातून निवृत्त झालेला रोलंड तिच्यामागोमाग आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा शौक बंद पडला.

"सोड्यात लिंबू पिळून देते," ती म्हणायची.

"ते पोटदुखीचं औषध झालं," तो म्हणायचा.

म्हणून दर शनिवारी नेड्रा दुकानं पालथी घालायची. चष्मा कपाळावर सरकवून डबा नाकाशी धरायची आणि बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचायची. तिला पाहिलं की दुकानदार एकमेकांना म्हणत, "आली बघा, डब्यांची परीक्षा घ्यायला. आज कोण नापास होतंय कोण जाणे." वर्गात मुलांच्या वह्या ती जशी तपासायची तसेच डबेही तपासायची. चूक असणारच, फक्त सापडायची आहे, अशा नजरेनं.

एका शनिवारी त्यांच्याच गावातल्या मासिनानं तिला हाक मारली. मासिनाचं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला जाळी लावलेली एक खोली. जाळीमागून तिनं एक डबा पुढे सरकवला. डब्यावर कुठल्याशा परक्या लिपीतली अक्षरं होती आणि त्यांवर तिरकी चिकटवलेली पांढरी पट्टी: साखर नाही, कॅफीन नाही.

"हे कुठून आले?" नेड्रानं विचारलं.

"ऑकलंडहून. माझी वहिनी तिथे अशा मालाच्या गोदामात कामाला आहे."

"आणि ही पट्टी कुणी लावली?"

"मी," मासिना म्हणाली. "मूळची अक्षरं तुम्हाला वाचता येतात का, बाई? मलाही येत नाहीत."

नेड्राला ते पटलं नाही. पण त्या संध्याकाळी रोलंडनं डबा उघडला, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून तो तोंडात घोळवत राहिला. ते पाहून तिनं दुसऱ्याच दिवशी, चर्चमधून परतताना, अख्खं खोकं सांगून ठेवलं.

तीन आठवड्यांनी रोलंडची साखर दोनशेच्या वर गेली. नेड्रानं मनगट धरून पाहिलं तर ठोका अडखळत होता. जेवण तेच होतं, गोळ्या त्याच होत्या. बदलले होते फक्त डबे.

तिनं एका डब्यावरची पट्टी नखानं खरवडून काढली. खाली अगम्य अक्षरं आणि त्यांच्यामध्ये एक आकडा होता, अकरा. अकरा काय? ग्रॅम साखर, की आणखी काही? तिची खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या पायरीवर दोन बश्या ठेवल्या. एकीत नेहमीचा गोड कोला, दुसरीत मासिनाचा. तासाभरात पहिल्या बशीभोवती मुंग्यांचं रिंगण झालं. दुसरीकडे एकही फिरकली नाही.

"झालं समाधान?" रोलंडनं विचारलं.

"मुंग्यांना कॅफीन कळत नाही," नेड्रा म्हणाली. "आणि सगळ्या डब्यांत एकच माल आहे, हे कशावरून?"

रोलंड उठून आत गेला. एरवी तिनं तसं उठून जाण्याचा अर्थ लावला असता, पण तेव्हा तिच्या डोक्यात फक्त ती पांढरी पट्टी होती.

शनिवारी ती मासिनाकडे गेली. जाळीपुढे चार-पाच बायका पावासाठी थांबल्या होत्या. नेड्रानं त्यांच्यासमोरच खरवडलेला डबा फळीवर ठेवला.

"माझा नवरा आजारी पडला आहे," ती म्हणाली. "तुम्ही या पट्टीखाली काय लपवलंत ते मला कळायला हवं."

मासिनानं डबा हातात घेतला, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि फोन काढून वहिनीनं पाठवलेला निरोप जाळीला लावून दाखवला. गोदामातल्या जाणकाराकडून करून घेतलेलं डब्यावरच्या एकेका ओळीचं भाषांतर होतं. साखर शून्य, कॅफीन शून्य. अकरा हा आकडा कारखान्याच्या पत्त्यातला होता.

"हे कुणीही लिहून पाठवू शकतं," नेड्रा म्हणाली.

"हो, शकतं," मासिना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "या गावात असले डबे पिणारं दुसरं कुणी नाही, बाई. मी ते तुमच्यासाठी मागवले. तुम्ही डबे वाचता ते ठीक आहे. तुम्ही शाळेत असता तेव्हा तुमचा माणूस कुठे असतो, ते कधी विचारलंत?"

मागची एक बाई तोंडावर हात धरून हसली. नेड्राला ते हसणं चाबकासारखं लागलं.

सोमवारी तिनं मधल्या सुट्टीनंतरचे तास दुसऱ्या शिक्षिकेला दिले आणि बसनं घरी आली. घराला कुलूप होतं. शोधायला मात्र लांब जावं लागलं नाही. चौथ्या घरी तुइलोमा राहायचा, गावातल्या एका मोठ्या घराण्याचा प्रमुख. त्याच्या बैठकीच्या घराला सगळ्यांसारखेच नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. तिथे चटईवर, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा, रोलंड मांडी घालून बसला होता. समोर सोंगट्यांचा पट होता आणि हातात भला मोठा कप. कपात कोको सामोआ: भाजलेल्या कोकोचा दाट काळा रस, तळाशी गाळ आणि साखर भरपूर. शिवाय कोको म्हटला की थोडं कॅफीन आलंच. म्हणजे अख्ख्या गावाला हे रोज दिसत होतं. दिसत नव्हतं ते तिला एकटीला.

तिला पाहताच रोलंडनं कप खाली ठेवला. "एकच कप घेतो," तो म्हणाला.

"तीन," तुइलोमा म्हणाला. रोलंडचं त्यानं लोलानी करून टाकलं होतं. "लोलानीला आमचा कोको फार आवडतो. बसा ना, तुम्हालाही देतो."

"याला मधुमेह आहे," नेड्रा म्हणाली. "आणि हृदयाचा त्रास. दोन्हीला हे विष आहे."

तुइलोमानं हातातली सोंगटी पटावर ठेवली. मग तो रोलंडकडे वळला.

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही दिला नसता," रोलंड म्हणाला. मग नेड्राकडे न बघता तो हळू आवाजात बोलू लागला. "दिवसभर घरी मी एकटा असतो. तू आलीस की आधी बोट टोचतेस, मग मनगट धरतेस. इथे मला कुणी आजारी समजत नव्हतं. पहिल्या दिवशी नाही म्हणवलं नाही. नंतर म्हणावंसं वाटलं नाही."

"आणि मी मासिनाला सगळ्यांदेखत चोर ठरवत होते, तेव्हा?"

उत्तर दिलं ते तुइलोमानं, आणि ते नेड्राला नव्हतं.

"माझ्या घरात, माझ्या हातचा कप पिऊन तू मेला असतास, लोलानी, तर मी तुझ्या बायकोच्या दारात डोक्यावर चटई घेऊन माफी मागत बसलो असतो. माझी मुलं माझ्यामागे बसली असती. इतकी मोठी गोष्ट तू माझ्यापासून लपवलीस." त्यानं तो कप उचलला आणि अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी ओतून टाकला. "आता घरी जा."

रोलंड चार दिवस कुठे गेला नाही. नेड्रा त्याच्याशी कामापुरतं बोलत होती, आणि रागापेक्षा तिला दुसरंच काही टोचत होतं. हजार डबे वाचले, आणि समोर बसलेला माणूस वाचायचा राहून गेला.

मासिनाची माफी मागायला ती शुक्रवारी, दुकान रिकामं असताना गेली.

"बोललात चारजणींसमोर," मासिना म्हणाली. "मग उद्या या. पाव यायच्या वेळेला."

नेड्रा शनिवारी गेली. बायका होत्याच. आपली चूक झाली, मासिनानं काही लपवलं नव्हतं, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. बोलताना कान तापले, पण शब्द गाळला नाही. मासिनानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाव दिला. पुढे बरेच दिवस नेड्राशी ती किती झाले आणि सुटे आहेत का, याखेरीज काही बोलली नाही. डबे मात्र मागवत राहिली.

त्या शनिवारीच, रोलंड घरी बसल्याच्या पाचव्या दिवशी, तुइलोमाचा निरोप आला, पट मांडला आहे म्हणून. रोलंड गेला. आता तिथे त्याच्यासाठी संत्र्याच्या पानांचं उकळलेलं पाणी असे, साखरेचा कणही न घातलेलं. महिन्याभरात त्याची साखर उतरली, ठोकाही बराचसा ताळ्यावर आला.

तरीही एका सकाळी शाळेची बस सोडून नेड्रा तुइलोमाच्या घराशी थांबली. दोघे पटावर वाकले होते. "जरा चव बघू?" तिनं विचारलं. रोलंडचा चेहरा पडला. तुइलोमानं एक शब्द न बोलता रोलंडचाच कप उचलून तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला. कोमट, किंचित कडू, पानांचा वास असलेलं पाणी होतं ते.

तिनं कप परत केला, रोलंडच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पुढची बस गाठायला रस्त्याकडे वळली.