बाबांनी दुरुस्त केलेला ओव्हन

आमच्या घरात कुठलीच वस्तू आवाज करत नसे, कारण माझ्या सासऱ्यांना आवाज खपत नसे. पंखा कुरकुरत होता, बाबांनी दुरुस्त केला; त्यानंतर तो कुरकुरला नाही आणि फिरलाही नाही. दारावरची बेल कर्कश होती. ती दुरुस्त झाल्यापासून आलागेला दार बडवतो. वस्तू गप्प झाली की बरी झाली, असा बाबांचा हिशोब. सुनेलाही तोच लागू आहे, पण माझ्यापुढे त्यांनी हात टेकलेत.

मग पाळी आली मायक्रोवेव्ह ओव्हनची. चालू असताना तो घुरघुरतो, म्हणे. अहो, सगळेच घुरघुरतात, पण सांगणार कोण? बाबांनी कान लावून आवाज नेमका कुठून येतो ते हेरलं, प्लग काढला, कव्हर उघडलं आणि आतल्या जड ठोकळ्याची वायर उपटून टाकली. आता दिवा लागत होता, काचेची थाळी फिरत होती, शेवटी टिंगही होत होतं. घुरघुर बंद. अन्न तेवढं तापत नव्हतं.

बोलायला मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी डोळे वटारले. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. हातात काही काम उरलं नाही, निदान हे तरी जमतंय असं वाटू दे, असं आईंचं म्हणणं. तेव्हापासून आई दूध गॅसवर तापवायच्या, कपात ओतायच्या, ओव्हनमध्ये ठेवून बटण दाबायच्या आणि टिंग झालं की बाबांपुढे आणायच्या. बाबा फुंकर मारत ओव्हनचं कौतुक करायचे. म्हणजे स्वतःचंच.

असंच चाललं असतं, पण आईंच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एकटी बाई, ये म्हणाली. आईंनी बॅग भरली आणि लगेच रिकामी करायला घेतली. ह्यांचं दूध कोण करणार? मी करते म्हटलं, तर म्हणाल्या, तुझ्या मनातलं तोंडावर छापून येतं, पहिल्याच कपाला पकडली जाशील. हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

बाबा केस कापायला गेल्याबरोबर मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी आत साठलेला करंट उतरवला, मग लोंबणारी वायर पाहून आमच्याकडे बघत राहिला. हे ज्याने केलं तो जिवंत आहे का, असं विचारलं. केस कापायला गेलाय, मी म्हटलं. त्याने वायर जोडली, पाण्याचा कप ठेवून पाहिला. पाणी उकळलं. आणि अर्थातच, घुरघुर. ती काढता येईल का, आईंनी विचारलं. ती काढली की तापणं गेलं, तो म्हणाला.

आईंनी पुन्हा बॅग भरली. बाबा आले तेव्हा मी त्यांचं दूध ओव्हनमध्येच ठेवलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. "बिघडला परत," म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले.

आईंनी बॅग खाली ठेवली. "हात लावू नका त्याला. तुम्ही दुरुस्त केल्यापासून तो तापतच नव्हता. दूध मी गॅसवर तापवत होते. आता मी चालले बहिणीकडे."

आणि खरंच गेल्या.

बाबा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसून राहिले. "रोज?" त्यांनी मला विचारलं. उत्तर त्यांनी माझ्या तोंडावरच वाचलं असणार. मला त्यांची फार दया आली, आणि आईंचा त्याहून अभिमान वाटला.

संध्याकाळी बाबांनी लायटर कुठे असतो ते विचारलं. स्वतः गॅस पेटवला, दूध तापवलं, थोडं उतू घालवलं. मग ते कपात ओतून ओव्हनमध्ये ठेवलं आणि बटण दाबलं. दूध आधीच तापलंय, हे मी सांगितलं. "तिची पद्धत अशीच होती ना," म्हणाले. सगळी घुरघुर त्यांनी उभं राहून ऐकली आणि टिंग झाल्यावर कप माझ्यापुढे ठेवला. माझी जीभ चांगलीच पोळली.

"घर फार गप्प वाटतंय," बाबा म्हणाले. मग स्टूल घेऊन बेल उघडायला गेले. ती परत येईल तेव्हा बेल वाजली पाहिजे, म्हणाले.

बेल अजून वाजत नाही. बाबांनी मग पंखाही उघडला; तो मात्र कुरकुरत फिरायला लागलाय.