लाल खोलीतलं मटण

आत

"हात पुढे करा. आता आरशात बघा. कुठाय तुमचा एक्झिमा?"

नव्हता. खरंच दिसत नव्हता. टॅलबरी गावच्या बोल्स क्लबची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या क्लबची, मागची खोली माणसांनी खच्चून भरली होती. खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं, भिंतीवर लाल दिव्यांच्या फळ्या, आणि त्या उजेडात पोस्टातली शर्ली आपलं व्हॅसलीन चोळलेलं कोपर आरशासमोर फिरवून फिरवून बघत होती.

"गेलं! अगं बाई, गेलं की सगळं!"

टाळ्या पडल्या. एक म्हातारा तर रडला.

दिव्यांचा मालक डॅरिल व्हिटकॉम्ब. पूर्वी हा पैसे घेऊन लोकांना यंत्रात झोपवायचा आणि त्यांची कातडी तांबूस करून द्यायचा. त्या यंत्रांनी कर्करोग होतो म्हणून सरकारने ती दुकानं बंद केली. डॅरिलने दिवे बदलले, पाटी बदलली. हसू तेच ठेवलं.

"दोस्तहो, तुमच्या पेशींत छोटी छोटी वीजघरं असतात. ती झोपलीत. लाल किरण त्यांना म्हणतात, उठा राजे!"

"आणि डॉक्टरांचं मलम?"

"मलम म्हणजे अंगाई. फेकून द्या."

"पण घरी गेल्यावर खाज सुटते हो."

"सुटणारच! विष बाहेर पडतंय. खाज ही आनंदाची बातमी समजा."

बरं वाटलं तर दिव्यामुळे, वाईट वाटलं तरी दिव्यामुळेच. इतकी सोय तर देवानेही स्वतःसाठी करून ठेवलेली नाही.

बाहेर

क्लबच्या पार्किंगमध्ये मी लिनेटला गाठलं. लिनेट माझ्या भावाची बायको. भाऊ दूरच्या खाणीवर कामाला, महिन्यातला निम्मा वेळ घरी नसतो. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचं, पिपाचं, खाजवणं, रडणं, रक्ताने डागलेले पलंगपोस, हे सगळं लिनेट एकटीच निस्तरत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून तिला बोल लावायचा धीर होत नसे. पण तिने पिपाचं मलम कचऱ्यात टाकलं होतं.

"लिनेट, तिचे हात बघू दे मला."

"आत बघितलेस ना? स्वच्छ होते."

"इथे बघू दे."

"नाही. दिव्यानंतर दोन दिवस ऊन लागू द्यायचं नाही, अंग झाकून ठेवायचं. डॅरिलने बजावलंय."

जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळ्याचा उकाडा, आणि पोरीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा.

"ब्रॉनी, तू विज्ञान शाळेत शिकव. माझ्या घरात नको."

पिपा हळूच म्हणाली, "आत्या, सकाळी चादर हाताला चिकटते. मग ओढायला लागते."

लिनेटने तिला गाडीत बसवलं आणि दार लावलं.

चादर चिकटते. हे दोन शब्द मी आठवडाभर कानातून काढू शकले नाही. लिनेटला फोन केले, तिने उचलले नाहीत. घरी गेले, तर दारातूनच "झोपलीय ती." लाल दिव्यांवर संशोधन चाललंय, हे मला ठाऊक होतं. काहींना थोडा फायदा होत असेलही. पण एक्झिमा त्याने बरा होतो असं म्हणण्याइतका पुरावा कुणाकडे नाही. आणि इथे तर दर वेळी, दर माणसाचा, आरशासमोरच बरा होत होता. हे कसं? मला कळत नव्हतं, आणि कळत नाही याची चीड येत होती.

आत

दर शुक्रवारी क्लबात मटणाच्या ताटाची सोडत असते. तिकिटं घ्यायची, नंबर लागला तर चॉप्स, सॉसेज, स्टेकचं भरलेलं ताट घरी न्यायचं. टॅलबरीत चर्च चुकवणारा सापडेल, सोडत चुकवणारा नाही. त्या शुक्रवारी ताट डॅरिलने दिलं होतं, एका अटीवर. सोडत त्याच्या खोलीत, त्याच्या दिव्यांखाली काढायची.

"मांस म्हणजे पेशीच की, दोस्तहो! बघा कसं तेज येतं!"

बोल्स खेळून आलेला मर्व्ह पांढऱ्याशुभ्र गणवेशातच नंबर पुकारायला उभा राहिला. ताट लागलं त्याच्याच बायकोला, ग्लेंडाला. तिने पुढे येऊन झाकण काढलं, वाकली आणि ओरडली.

"हे काय? नुसती चरबीच दिलीय!"

सगळे पुढे सरकले. चॉप्स फिकट, स्टेक फिकट. मांस कुठे संपतं आणि चरबी कुठे सुरू होते, ते कळेना.

"हे मटण आहे की टोफू?"

"अरे, शिळा माल खपवतोय हा!"

"डॅरिल, लाज वाटते का रे?"

"ताजं आहे, आईशप्पथ," डॅरिलला घाम फुटला. "आजच आणलंय. हा फक्त उजेड... म्हणजे या उजेडात ते तसं..."

आणि थांबला.

बघा आता. लेकरांच्या कातडीबद्दल या खोलीत एकाही माणसाने एक प्रश्न विचारला नव्हता. मटणावर मात्र सगळे न्यायाधीश झाले.

"बोल ना, डॅरिल," मी म्हणाले. "या उजेडात ते कसं दिसतं?"

माझ्या खिशात वह्या तपासायचं लाल पेन होतं. "मर्व्ह, बाही पुढे कर." मी त्याच्या शुभ्र बाहीवर मोठी फुली मारली. मारली, असं हाताला वाटलं. डोळ्यांना काहीच दिसलं नाही.

"काय केलंस गं? पेन संपलंय तुझं."

"चल बाहेर. ग्लेंडा, ताट घे."

बाहेर

उन्हाळ्यातली संध्याकाळ, ऊन अजून चांगलं लख्ख. ताटातलं मटण लालबुंद, कडेला पांढरी चरबी. मर्व्हच्या बाहीवर रक्तासारखी फुली.

"माझा गणवेश!" मर्व्ह किंचाळला. मग त्यालाच कळलं. "आत नव्हती ही."

"आतही होती. खोलीत नुसता लाल उजेड असला की पांढरं जेवढा उजेड परत फेकतं, जवळजवळ तेवढाच लालही फेकतं. मग दोन्ही सारखीच दिसतात. मटण आणि चरबी. शाई आणि कापड. पुरळ आणि कातडी."

शर्लीने बाही वर केली. कोपर होतं तसंच, लाल, सोललेलं.

"पण मला आराम पडला होता," कुणीतरी पुटपुटलं.

"पडला असेल. डॅरिल दिव्याआधी व्हॅसलीन चोळायचा, त्याने कोरडी त्वचा शांत होते. एक्झिमा आपोआपही वरखाली होत असतो. कमी झाला की श्रेय डॅरिलचं, वाढला की विष तुमचं. आणि तुम्ही तपासू नये म्हणून दोन दिवस अंग झाकायचं."

गर्दीच्या कडेला लिनेट उभी होती, पिपाचा हात धरून. ती खाली बसली. तिने पिपाच्या बाहीचं बटण काढलं. कापड सहज निघेना. भिजवून सोडवावं लागलं.

आत, आरशात जे हात स्वच्छ होते, त्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या होत्या, खाली पू होता. पिपाचं कपाळ तापलेलं होतं.

"मी दर वेळी आरशात बघत होते गं," लिनेट म्हणाली. "दर वेळी बघत होते."

"तो दाखवत होता तेच तू बघत होतीस. ऊठ. गाडी काढते मी."

डॅरिल पायरीवर आला. "मी कधी बरं करतो म्हटलंच नाही हं! मी म्हटलं, बघा. तुम्ही बघितलंत."

मी आजवर बरीच घाण ऐकलीय. याहून घाण नाही.

*

संसर्ग रक्तात जायच्या आधी पिपा डॉक्टरांपर्यंत पोचली. अँटिबायोटिक, ओल्या पट्ट्या, आणि तेच जुनं मलम, यावेळी नीट समजावून दिलेलं. एक्झिमा गेला नाही, तो असा जातही नाही. पण पोर आता झोपते.

डॅरिल दिवे गाडीत घालून किनाऱ्याकडच्या कुठल्या गावी गेलाय, असं ऐकते. तिथेही थकलेल्या आया असतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बरं झालं की नाही हे बरं करणाऱ्याच्या खोलीत, त्याच्या दिव्याखाली, त्याच्या आरशात ठरवू नका. लेकराला अंगणात आणा, बाही वर करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जो तुम्हाला तसं बघू देत नाही, त्याच्याकडे परत जाऊ नका.