तुला काय लावू?

रुद्राणीने, म्हणजे माझ्या भावजयीने, पुण्याहून पोरांसोबत त्यांच्या जेवणाचा तक्ता पाठवला होता. रंगीत, छापील, फ्रीजवर चिकटवायचा. सुट्टीच्या पंधरा दिवसांत कोणत्या दिवशी काय, ते त्यात सगळं होतं. पालकाचा पास्ता, पनीर रोल, बिटाचे पराठे. आमच्याकडे लग्नाच्या आचाऱ्यालाही कोणी इतकं बजावून सांगत नाही. पण बाई जीव लावून करते, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. ते फार वेळ बंद राहत नाही, हे निम्म्या लातूरला माहीत आहे. निम्म्या लातूरला मी गणित शिकवलंय.

सर्वेश नऊ वर्षांचा. त्याला झणझणीत लागतं, आणि ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालत नाही. वरणाचा ओघळ भाजीला शिवला की ताट बाटलं. देविका पाचची. तिला तिखटाचा वासही नको. तिचं सगळं पांढरं. दूध, दही, भात, साय. एकाचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. तक्ता बिचारा दोघांच्या मधोमध काढलेला, त्यामुळे तो दोघांनाही आवडत नव्हता.

पोरांना सोडून परत जाताना सुदर्शन म्हणाला, "ताई, रविवारी येतो. जेवत नसतील तर घेऊनच जातो. आमच्या सोसायटीत समर कॅम्प आहे, जेवणासकट."

सुदर्शन माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलं आणि आता तो मला मुदत देत होता. पोरं पहिल्यांदाच आईबापाशिवाय माझ्याकडे आली होती. अर्ध्यातून परत नेली, की पुढच्या मे महिन्यात ती यायची नाहीत. मला ती हवी होती. त्यांच्या आरडाओरड्यासकट, पसाऱ्यासकट हवी होती. निवृत्त झाल्यापासून माझं घर इतकं आवरलेलं राहतं की त्याचा राग येतो.

म्हणून मी तक्त्याला शरण गेले. पास्ता आणला, फोनवर बघून शिजवला. त्याचा गोळा झाला. सर्वेश म्हणाला, "मम्मीचा असा चिकट नसतो." देविकाने एक तुकडा जिभेवर ठेवला आणि माझ्या तळहातावर परत दिला. पनीर रोलमधलं पनीर एकाने खाल्लं नाही, रोल दुसरीने खाल्ला नाही. बिटाच्या पराठ्याकडे बघून देविका रडली, कारण तो लाल होता. मी रागावले, मग समजावलं, मग आइस्क्रीमची लाच दिली. तीस वर्षं वर्ग गप्प बसवलेली बाई मी, दोन पोरांपुढे हात टेकले. शुक्रवारी सर्वेश फोनवर कुजबुजताना ऐकलं, "पप्पा, रविवारी नक्की या हं."

फार लागलं ते. खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी मी तक्त्याकडे पाठ केली. पोरं काही खात नाहीत तर निदान मी तरी पोटभर जेवते, म्हणून ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. भाकरी झाल्या. परातीत मूठभर पीठ उरलं, आणि हातांनी मला न विचारता त्याची तळहाताएवढी भाकर थापली. तव्यावर टाकली, तर ती टम्म फुगली.

देविका दारात उभी होती. "ही बेबी भाकरी आहे?"

"बेबी कुठली! चानकी म्हणतात हिला. उरलेल्या पिठाची, पोरांची भाकर."

"कोणत्या पोरांची?"

"तुझी," मी म्हटलं, आणि पुढचं आईच्या आवाजात तोंडातून निघून गेलं, "तुला काय लावू गं?"

माझ्या लहानपणी लातूरजवळच्या मुरुडला आमचं पत्र्याचं घर होतं. मे महिन्यात कंधारहून काकाची पोरं यायची, आदिनाथ, इंदू आणि त्यांच्यामागची दोन. आमची मिळून पंगतच. पत्रा तापायचा, आत चूल, आणि आई काठवटीपुढे बसलेली. आधी मोठ्यांच्या भाकरी, मग पोरांच्या चानक्या. प्रत्येकाचा निराळा नखरा. आदिनाथला करडईचं तेल आणि तिखट, इंदूला शेंगदाण्याची चटणी, कुणाला साय-साखर. आई चानकी हातात धरून एकेकाला विचारायची, "तुला काय लावू रं? आन् तुला गं?" आणि भांडण लागलं की म्हणायची, "पीठ एक, तवा एक. वरचं ज्याचं त्याचं. कुणी कुणाच्या ताटात बघायचं न्हाई." कोण काय खात नाही, हा प्रश्न त्या घरात कधी आलाच नाही. त्या घरात आता किराणा दुकान आहे. तव्यावरच्या चानकीकडे बघता बघता मला ते सगळं इतकं हवंसं झालं की डोळे भरून आले. धुराचं निमित्तही नव्हतं. गॅसला धूर नसतो.

"मला पांढरं लाव," देविका म्हणाली.

साय लावली, वर साखर भुरभुरली. तिने दोन्ही हातांनी धरून खाल्ली आणि बोटं चाटली. तोवर सर्वेश आला. "मला तिखट. पण वर नको, बाजूला." मी पुन्हा पीठ भिजवलं. शेंगदाण्याची चटणी ताटाच्या एका कडेला, चानकी दुसऱ्या कडेला, मधे भरपूर जागा. त्याने तीन खाल्ल्या. मी मोजत नव्हते, तोच ओरडून सांगत होता.

रविवारी सुदर्शन रात्रभर रेल्वेने येऊन सकाळी दारात उभा राहिला. हातात पोरांचे कपडे भरायची रिकामी बॅग. स्वयंपाकघरात येऊन बघतो तर लेक कोपरापर्यंत पिठात माखलेली, आणि लेकाचं तोंड चटणीने लाल. तो काही बोलायच्या आत देविका चानकी पुढे करून म्हणाली, "पप्पा, तुला काय लावू?"

"गूळ-तूप," तो क्षणात म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण विचार करावा लागला नाही. मग हसला, बॅग खाली टाकून फरशीवरच बसला. "ताई, आदिनाथला करडईचं तेल लागायचं, आठवतं? आणि इंदू चटणीसाठी भोकाड पसरायची."

"आत्या, आता तुझी," देविका म्हणाली. "तुला काय लावू?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर सापडेना.

"ताईला ना," सुदर्शन मदतीला धावला, "ताईला..." आणि तोही थांबला. सगळ्यांचं पाठ असलेला माणूस माझ्यापाशी अडकला. अडकणारच. मी पंगतीत नसायचेच. मी सगळ्यांत मोठी, तव्यापाशी उलथनं घेऊन बसलेली. आई थापायची, मी भाजायचे. पोरं उठली की वाटीत जे उरेल ते आम्ही दोघी भाकरीला पुसून खायचो. मला आईचा राग आला नाही. आईला तरी कुणी विचारलं होतं!

"सांग ना आत्या, गार होतेय," देविकाच्या हातात चमचा तयार होता.

"मला माहीतच नाही गं," मी म्हटलं. "मला कधी ठरवायलाच लागलं नाही."

तिला हे फार गंभीर वाटलं. एवढी मोठी बाई आणि आवड माहीत नाही! तिने गूळ, तूप, चटणी, साय, सगळ्या वाट्या माझ्यापुढे ओढल्या. सर्वेश म्हणाला, "सगळं एकदम नाही लावायचं, एकात एक जातं. रोज एक लावून बघायचं, मग कळेल."

"हो," देविका बापाकडे वळून म्हणाली. "पप्पा, आत्याचं ठरेपर्यंत आम्ही नाही येणार."

सुदर्शनने माझ्याकडे बघितलं, मग त्या रिकाम्या बॅगेकडे. ती त्याने पायाने दाराआड सारली. मग उठून माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि मला धरून पोरांच्या ओळीत बसवलं.

"सावकाश ठरव, ताई," तो म्हणाला. "काही घाई नाही."

देविकाने माझ्या चानकीला साय लावायला घेतली.