आकाशपाळण्यातला रडक्या

मित्रांनो, मी आकाशपाळण्याचा एक जुना पाळणा आहे आणि मला उंचीची भीती वाटते.

हसून घ्या. मी थांबतो. सगळेच हसतात, त्यात तुमचा काही दोष नाही. कुणी सांगितलं असतं की एक मासा पाण्याला भितो, तर मीही हसलो असतो.

माझा जन्म एका पत्राकामाच्या कारखान्यात झाला. तिथे कपाटं, टेबलं, पाण्याच्या टाक्या असं सगळं घरंदाज सामान तयार होत असे. माझ्या शेजारी एक कपाट उभं होतं. फार शांत स्वभावाचं. त्याच्याकडे बघून मला वाटे, आपणही असंच काहीतरी होणार आणि भिंतीला पाठ लावून आयुष्य काढणार. मग मला दोन बसायच्या जागा केल्या, दार लावलं, दाराला कडी लावली आणि पिवळा रंग दिला. रंगारी दोन पावलं मागे सरला, मान तिरकी करून म्हणाला, "वा! आभाळात शोभून दिसेल."

मला वाटलं, चुकून बोलला.

तो चुकून बोलला नव्हता. एके दिवशी मला ट्रकमधून एका मोठ्या बागेत नेलं. तिथे घरांपेक्षा, झाडांपेक्षा उंच असं एक लोखंडी चाक उभं होतं. मनगटाएवढ्या जाडीच्या एका पिनेवर मला त्याच्या कडेला टांगलं. एवढ्या थोरल्या देहाला आधार काय, तर एक पिन! मग कुणीतरी बटण दाबलं आणि जमीन मला सोडून निघून गेली.

मी किंचाळलो. पत्र्याची किंकाळी तुम्ही ऐकली असेल. 'कुईंऽऽऽ' अशी असते ती.

खाली चाकाचे मिस्त्री उभे होते. त्यांनी वर पाहिलं, कान टवकारले आणि म्हणाले, "याला वंगण पाहिजे."

मित्रांनो, घाबरलेल्याला लोक पाणी देतात, जवळ घेतात, पाठीवरून हात फिरवतात. मला वंगण मिळालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा किंचाळलो, पुन्हा वंगण. पुढे पुढे माझ्या पिनेवर वंगणाचा असा थर चढला की खाली पिन आहे की नाही, याचीच मला शंका येई आणि त्या शंकेनं मी आणखी किंचाळे. बागेतल्या लोकांनी माझं नाव ठेवलं, रडक्या.

भीती घालवण्यासाठी मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. माझ्यात बसणारे लोक एकमेकांना जे उपाय सांगत, ते मी मन लावून ऐकत असे. "खाली बघू नकोस," ते म्हणत. पण माझा तळ जाळीचा, चोवीस तास खालीच तोंड करून असलेला. "डोळे मिटून घे," म्हणत. मला पापण्या नाहीत, त्यामुळे मिटायची सोय नाही. एकदा एक काका आपल्या पुतणीला म्हणाले, "आपण वर जातोय असं समजूच नकोस. आपण इथेच आहोत, जमीनच खाली चालली आहे असं समज." हा उपाय मला पटला. पण मग मी त्या काळजीत पडलो की जमीन एवढी खाली कुठे चालली आहे आणि परत येईल ना?

तरी माझे दिवस चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. मुलांना माझी किंकाळी फार आवडे. "आम्ही रडक्यातच बसणार!" असा हट्ट धरून ती बाकीचे पाळणे सोडून देत. माझ्या भीतीला रांग लागत असे. एकदा एक नवं जोडपं बसलं होतं.

"घाबरलीस ना?" नवरा म्हणाला.

"छे."

"मग माझा हात एवढा घट्ट का धरलायस?"

"मी नाही, तू धरलायस."

मला दोघांचाही हेवा वाटला. मला धरायला कुणाचा हात नव्हता.

आमच्या बागेचा एक नियम होता. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी चाकाची एक फेरी व्हायची आणि त्या फेरीत जो चाक सांभाळतो तोच बसायचा. आधी आपला माणूस, मग लोकांची माणसं. त्यानं बसून कान देऊन ऐकायचं, काही वेगळं वाजतंय का. मिस्त्री पूर्वी रोज निरनिराळ्या पाळण्यात बसत. पण पुढे माझ्या आवाजानं त्यांचं डोकं उठू लागलं. "याच्यात बसून काय ऐकणार? हाच एकटा वाजतो," असं म्हणून त्यांनी माझ्यात बसायचं सोडून दिलं. वंगण मात्र चुकवलं नाही. माझ्याकडे कुणी दुर्लक्ष केलं असं मला म्हणता यायचं नाही. फक्त ऐकणं तेवढं बंद झालं.

आणि मग एका सकाळी, अगदी वरच्या टोकाला, माझ्या मानेत काहीतरी 'टक्' झालं.

तो आवाज माझा नव्हता. तो पिनेचा होता. पिनेला चीर गेली होती आणि माझा भार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेला की ती हलकेच उघडत होती. मित्रांनो, आजवर मी उगाचच भीत होतो. आता पहिल्यांदाच भ्यायला कारण मिळालं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. संध्याकाळपर्यंत ओरडलो.

मिस्त्री म्हणाले, "आज फारच रडतोय," आणि दुप्पट वंगण लावून गेले. चीर त्या वंगणाखाली छान झाकली गेली.

सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. माझ्यात लहान मुलं बसणार, "रडक्या, रडक्या" करत पाय हलवणार, आणि मी त्यांना घेऊन त्या पिनेवर वर जाणार. सांगू कुणाला? माझ्याकडे एकच शब्द होता आणि तो मी आधीच वापरून गुळगुळीत करून ठेवला होता.

त्याच सुमारास मिस्त्रींचे गुडघे थकले. चाकाचं काम त्यांच्या लेकीकडे यायचं होतं. हातात पाना घेतला की ती कुणाला ऐकायची नाही. पण तिला उंची सोसत नसे. स्टुलावर चढली तरी भिंत धरून उभी राही. बागेचे साहेब तिला म्हणाले होते, "काम तुझंच. पण सकाळची फेरी तुलाच घ्यावी लागेल. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, राग मानू नकोस."

सुट्टीचा पहिला दिवस उजाडला. फाटकाबाहेर गर्दी जमली होती. लेक चाकापाशी आली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता.

तिकिटांच्या खिडकीतून तिकीटमावशींनी हाक मारली, "काय गं, नाश्ता केलास का?"

"नाही."

"बरं केलंस. खाली आम्ही उभे असतो."

"पोरी, पुढच्या पाळण्यात बस," मिस्त्री म्हणाले. "तो गरीब आहे."

"नाही बाबा, मी रडक्यात बसते."

"त्याच्यात कशाला? कान किटतील."

"म्हणूनच. मी ओरडले तरी सगळ्यांना वाटेल, तोच ओरडतोय."

ती आत आली, पण जागेवर बसली नाही. सरळ माझ्या तळावर फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांनी दाराचा गज धरला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याइतकं घाबरलेलं माझ्यात बसलं होतं. चाक फिरलं. ती ओरडली, मी ओरडलो. खालून तिकीटमावशी म्हणाल्या, "आज रडक्याला खोकला झालाय वाटतं."

वरच्या टोकाला 'टक्' झालं.

लेकीचं ओरडणं तिथल्या तिथे थांबलं. घाबरलेल्या माणसाचे कान कसे असतात, तुम्हाला माहीत आहे. मुंगी चालली तरी ऐकू येते. ती खाली उतरली आणि स्पष्ट बोलली. "बाबा, कुणाला बसवू नका. रडक्यात काहीतरी वाजतंय."

"अगं, तो वाजतोच. त्याचा स्वभावच तो."

"कुईं हा त्याचा स्वभाव. टक् हा कुणाचा?"

मिस्त्रींनी माझी पिन पाहिली. वंगण आरशासारखं चकाकत होतं. साहेबही आले. ते काही वाईट नव्हते. म्हणाले, "हे बघ, विमानात बसलो की मला दर वेळी इंजिन बंद पडल्याचं ऐकू येतं. अजून एकदाही पडलेलं नाही. भीती वाटली तर तसं सांग. बाहेर लोक ताटकळलेत."

"भीती वाटतेच आहे," लेक म्हणाली. "पण ती वेगळी आणि हा आवाज वेगळा."

तिनं कुंपणाशी रचलेल्या वाळूच्या पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रडक्यात माणूस नको, वाळूची पोती टाका. बाबा, आपण शेजारच्या पाळण्यात बसू. वर गेल्यावरच वाजतं ते. मी बोट वर केलं की कान द्या."

"तू पुन्हा जाणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"जायचं नाहीये," ती म्हणाली आणि शेजारच्या पाळण्यात जाऊन तळावर बसली.

पोती माझ्यात आली. एवढे निवांत प्रवासी मी कधी पाहिले नव्हते. चाक हललं आणि मला माझी अडचण कळली. मी ओरडलो तर टक् कुणाला ऐकू येणार? मला वर जायचं होतं, चिरलेल्या पिनेवर, आणि तोंड बंद ठेवून.

मित्रांनो, हे किती अवघड आहे ते मी सांगू शकत नाही. झाडांचे शेंडे खाली गेले. किंकाळी माझ्या पत्र्यापत्र्यात भरून आली. दाराची कडी थडथडू लागली. शेजारच्या पाळण्यात लेकीनं एका हातानं गज आवळला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं होतं. ते बोट इतकं थरथरत होतं की वारा त्याच्यामुळेच सुटला असावा असं वाटत होतं. तरी ते खाली आलं नाही. मी त्या बोटाकडे लक्ष ठेवलं आणि गप्प बसलो.

टोक आलं. सगळीकडे शांत झालं.

टक्.

मिस्त्रींनी ऐकलं. उतरल्याबरोबर चिंधी घेतली आणि वंगण पुसायला लागले. पुसता पुसता पिनेचं पोलाद दिसलं आणि पोलादावर केसासारखी एक काळी रेघ, अर्ध्याहून जास्त फिरलेली. मिस्त्री खालीच बसले. चिंधी तशीच हातात.

"मी रोज बघत होतो गं," ते म्हणाले.

"वंगण बघत होता, बाबा," लेक म्हणाली आणि त्यांच्याशेजारी बसली. तिलाही उभं राहवत नव्हतंच.

'आज आकाशपाळणा बंद' हा फलक साहेबांनी स्वतः फाटकावर लावला. लोक चिडले, मुलं रडली. तिकीटमावशींनी सगळ्यांना तोंड दिलं. मग सगळ्या पाळण्यांच्या पिना काढून पुसून तपासल्या आणि माझ्या पिनेच्या जागी नवी बसवली.

आता चाक लेक सांभाळते. तिची भीती गेली असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही. माझीही गेलेली नाही. ती रोज सकाळी येते, माझ्या तळावर बसते, गज धरते. आधी दोघं मिळून ओरडून घेतो. मग ती बोट वर करते आणि आम्ही गप्प होतो.

मित्रांनो, यंत्रांना वंगण द्या, पण आधी पुसून बघा. आणि तुमच्या घरात, वर्गात कुणी भित्रं असेल तर त्याला "काही होत नाही" असं लगेच सांगून टाकू नका. काय ऐकू आलं, एवढं विचारा. बहुतेक वेळा काहीच नसेल. तरीही विचारा.

वरून सगळं जग फार सुंदर दिसतं म्हणतात. आम्ही दोघांनी ते अजून पाहिलेलं नाही. आम्ही ऐकत असतो.