पिवळ्या मेणखडूची रेघ

मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे माझी बायको आणि तिची बहीण. म्हणू देत. एकवीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचतोय मी. लोकांच्या परसात शिरायचं, झाकण उचलायचं, आकडा टिपायचा, वाचला याची खूण म्हणून झाकणाच्या आत पिवळ्या मेणखडूने रेघ मारायची आणि पुढच्या दाराला जायचं. मीटरला चिकटवलेलं लोहचुंबक मी बघितलंय, उलटा बसवलेला मीटर बघितलाय, आणि ओल्या केसांनी दारात येऊन ‘आम्ही महिनाभर घरात नव्हतोच हो’ म्हणणारी माणसं तर किती बघितली त्याची गणती नाही. असल्या नोकरीत माणूस संशयी होणार नाही तर काय कविता करणार?

तर बाटल्यांचं सांगतो.

माझी बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. दिवसभर उभ्याने. पंचेचाळिशीत तिने सायकल घेतली आणि रविवारच्या एका गटात नाव घातलं. गटात आठ पुरुष आणि ही एकटी. गटाचा मुख्य म्हणजे एक निवृत्त कवायत मास्तर, त्याला सगळे कप्तान म्हणतात. दोन महिन्यांनी दोनशे किलोमीटरची फेरी होती आणि ती पुरी करायचीच असं हिने मनावर घेतलं होतं. आयुष्यात मी एकही गोष्ट स्वतःसाठी शेवटपर्यंत नेलेली नाही, ही एक तरी नेऊ दे, असं एकदा भांडी आवरताना म्हणाली. मी हो म्हटलं. मला काय, मी काही अडवणाऱ्यातला नवरा नाही.

कप्तानाने सगळ्यांना एक छापील कागद दिला होता, तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला. तहान लागायची वाट बघू नका. दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. तासाला निदान अर्धी बाटली, ऊन असेल तर जास्त. नुसतं पाणी नको, मीठ-साखर घाला. हिचं सगळं शिस्तीत असायचं. रविवारी पहाटे उठून दोन बाटल्यांत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी भरायची आणि निघायची. माझ्याकडे एकच काम होतं, परत आल्यावर बाटल्या धुवायचं.

एका रविवारी ऐंशी किलोमीटर करून आली. मी बाटल्या धुवायला घेतल्या, तर दोन्ही जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेल्या. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ही बाई पाच तास सायकल चालवून पाऊण पेला पाणी प्यायली होती. मी विचारलं, पाणी संपलं का? हो, संपलं की, असं म्हणून सरळ बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या धंद्यात हिशेब सोपा असतो. घरात चार माणसं आणि मीटर हलत नाही, म्हणजे एक तर मीटर बंद आहे नाही तर चोरी आहे. इथे मीटर म्हणजे बाटली. बाटली हलली नाही, म्हणजे बाई हललेली नाही. म्हणजे ऐंशी किलोमीटर झालेच नाहीत. मग पाच तास ही होती कुठे?

पुढच्या रविवारी तिने बाटल्या भरून ठेवल्या आणि बूट घालायला गेली, तेवढ्यात मी मेणखडूने पाण्याच्या पातळीवर बारीकशी रेघ ओढली. नखाएवढी. परत आल्यावर पाणी रेघेच्या बोटभर खाली. पुढच्या रविवारी दोन बोटं. सायकलच्या हँडलवरचा छोटा मीटर ब्याण्णव किलोमीटर दाखवत होता, पण मीटर कसे फिरवतात ते मला कोणी शिकवायला नको. चाक उचलून हाताने गरागरा फिरवलं की झालं.

मग मला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. आल्या आल्या बाथरूम. दार लावून दहा-दहा मिनिटं. मी दाराला कान लावला, फोनवर बोलतेय का म्हणून. नुसता नळाचा आवाज. मग डोकं दुखतं म्हणून पडदे ओढून झोपायची. कशी झाली फेरी, विचारलं तर ‘छान’. ज्या बाईला एक बाही कापली तरी तासभर वर्णन करायची सवय, ती शंभर किलोमीटरवर एक शब्द बोलते. सायकलच्या दुकानवाल्यावर माझा डोळा होता. कुरळ्या केसांचा, हिला मॅडम म्हणायचा आणि चाकात हवा फुकट भरून द्यायचा. कशाला फुकट?

एक दिवस शिलाई मशीनच्या खणात कात्री शोधताना गोळ्यांचं अर्धं पाकीट सापडलं. चिंध्यांच्या खाली दाबून ठेवलेलं. मी नाव कागदावर उतरवून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, इन्फेक्शनवरच्या आहेत, लघवीच्या. बायकांना होतं. आणि माझ्याकडे असं बघितलं, की माझे कान तापले. घरी येऊन मी जेवलो नाही. पोटात बरं नाही म्हणून सांगितलं. तिने मला ओवा आणून दिला, तो मी तिच्याकडे न बघता चावला. असलं दुखणं बाहेरूनच येतं असं धरून त्या दिवशी मी मनात घर मोडून बसलो होतो. कोणी काय न्यायचं इथपर्यंत पोहोचलो होतो.

विचारायचं होतं, पण चोर पकडायचा तर आधी सांगून जायचं नसतं, ही आमची पद्धत. रेघा मारायला लागल्यापासूनच्या सातव्या रविवारी एकशे दहाची फेरी होती, दोनशेच्या आधीची शेवटची. ही निघाली आणि अर्ध्या तासाने मी स्कूटर काढली. डोक्यावर हेल्मेट, अंगात मेहुण्याचं जाकीट, म्हणजे ओळखायला नको.

गावाबाहेर गट दिसला. नऊ सायकली. नववी तिची. ही खरंच सायकल चालवत होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, आधी राग आला. मग पाणी का पीत नाही?

मी लांबून मागे राहिलो. तासाभराने रस्ता मोकळा लागला, दोन्ही बाजूंना नुसती कापलेली शेतं. मी सकाळी चहा पिऊन निघालो होतो, एका झाडामागे स्कूटर लावून मोकळा झालो. पुढे एका चहाच्या दुकानापाशी गट थांबला. मी पलीकडे पंक्चरच्या दुकानात उभा राहून बघत होतो. आठही जण दुकानामागच्या भिंतीकडे गेले, हसत-बोलत परत आले आणि गटागटा पाणी प्यायले. ही सायकल धरून उभी. कप्तानाने ओरडून सांगितलं, पाणी प्या सगळ्यांनी. हिने बाटली तोंडाला लावली, मान मागे टाकली आणि बाटली खाली घेतली. गळा हलला नाही. मी एकवीस वर्षं काटे बघतोय, गळा हलला की नाही ते मला रस्त्यापलीकडून कळतं.

म्हणजे कप्तानालाही फसवतेय. का? माझं डोकं चालेना. मी सोबतची पाण्याची बाटली संपवली, दुसरी विकत घेतली, आणि पंक्चरवाल्याच्या मागे जाऊन आलो.

दुपारी गट परत फिरला. ऊन असं, की स्कूटरची सीट चटके देत होती. आमच्या गावाच्या अलीकडे बारा किलोमीटरवर एक तुरळक वस्ती आहे, तिथले मीटर वाचायला माझ्याकडेच असतात. तिथे ती मागे पडायला लागली. सायकल वेडीवाकडी जायला लागली. बाकीचे चढ ओलांडून पुढे गेले, त्यांच्या लक्षातही आलं नाही. ती उतरली, सायकल तशीच आडवी टाकली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. डोकं गुडघ्यांत.

मी स्कूटर कशी आणली आठवत नाही. हेल्मेट काढलं. तिने वर बघितलं. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर मीठ सुकलं होतं. मग माझ्या अंगातल्या जाकिटाकडे बघितलं, ते तिला सकाळपासून मागे दिसत असणार.

मी तिच्या सायकलची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. भरलेली. म्हटलं, “हे काय आहे? का पीत नाहीस?”

ती म्हणाली, “तुम्ही सकाळपासून मागे आहात ना? किती वेळा थांबलात?”

“मी? तीनदा.”

“कुठे?”

मी बोटांवर मोजायला लागलो. झाड. पंक्चरवाल्याची मागची बाजू. तिसऱ्यांदा तर पुलाच्या कठड्याशी, रस्त्याकडे पाठ करून.

“मी कुठे थांबू?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढवायला ताकदच नव्हती. “आठ माणसं बरोबर. मोकळं रान. पेट्रोल पंपावर बायकांच्या दाराला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक गावाला. पाणी प्यायलं की तासाने जावं लागतं. म्हणून पीत नाही. कारखान्यातही पीत नाही, तिथलं दार लागत नाही म्हणून, ती सवय आहेच. तीनदा इन्फेक्शन झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात पाणी प्या. कप्तान म्हणतात पाणी प्या. फ्रिजवर लिहिलंय पाणी प्या. जायचं कुठे ते कोणीच लिहिलेलं नाही.”

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ह्या रस्त्यावर मी रोज हिंडतो, रोज लिटरभर पाणी पितो, आणि कुठे जायचं हा प्रश्न मला एकवीस वर्षांत एकदाही पडलेला नाही.

समोर, शंभर पावलांवर, रोपवाटिकेचं घर होतं. तिथला मीटर मागच्या बाजूला, न्हाणीघराच्या भिंतीला आहे. घरातली बाई माझ्या ओळखीची, दर महिन्याला ‘आकडा बरोबर घ्या हो’ म्हणणारी. मी हिला म्हटलं, “ऊठ. चल माझ्याबरोबर.” ती म्हणाली, अनोळखी घरात कसं जायचं? मी म्हटलं, मला ह्या वस्तीतलं एकूण एक न्हाणीघर माहीत आहे, बाहेरून का होईना.

रोपवाटिकेवाल्या बाईने दार उघडलं. मी कसंबसं सांगितलं, माझी बायको आहे, सायकलवर आहे, जरा आत जाऊ द्या. तिने हिच्याकडे बघितलं, खांद्यावरचा धुतलेला टॉवेल हिच्या हातात दिला आणि वाट दाखवली.

मी मागच्या अंगणात उभा राहिलो. करायला काही नव्हतं म्हणून सवयीने मीटरचं झाकण उचललं. आत नळ सुटला, तशी छोटा लाल काटा फिरायला लागला. मी तो थांबेपर्यंत बघत उभा होतो. आतल्या बाजूला माझ्याच हातच्या पिवळ्या रेघा होत्या, महिन्याला एक.

ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि माझ्या हातातली बाटली मागून घेतली. आधी थोडं थोडं, घोट घोट प्यायली. मग संथपणे सगळी. गळा हलत होता. मी एवढा खूश झालो, की पाकिटातून कागद काढून लगेच सांगायला लागलो. ह्या रस्त्यावर अशी चौदा घरं आहेत, मी ओळखीने विचारीन, दोनशेच्या वाटेवर दुसऱ्या मीटर वाचणाऱ्यांची वस्ती येते, त्यांनाही विचारीन, तुला यादी करून देतो, दार कुठल्या बाजूला आहे त्यासकट.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग रिकामी बाटली उजेडात धरली आणि अंगठ्याने तिच्यावरची नखाएवढी रेघ पुसून बघितली. मेणखडू पुसला जात नाही.

“पहिल्या रविवारपासून बघतेय ही,” ती म्हणाली. “पिवळा मेणखडू आपल्या घरात दुसरं कोण वापरतं? म्हटलं, मोजतायत, तर आज ना उद्या विचारतील. रोज वाट बघत होते. सात आठवडे मोजलंत तुम्ही. विचारलं नाहीत.”

मी कागद खाली ठेवला. काय काय मनात आणलं होतं ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही, अजूनही झालेली नाही. ती मात्र बाटली माझ्या हातात देऊन सायकलकडे निघाली होती, बारा किलोमीटर राहिले होते तिचे. भरून द्या, म्हणाली. मी नळाखाली बाटली धरली, रोपवाटिकेवाल्या बाईकडून चिमूटभर मीठ आणि साखर मागून घेतली, आणि तिच्या मागे धावलो.